डाव्या पायाखालचं पाणी

१

गाडीत पाणी शिरलं होतं, आणि शिरायला कुठे जागाच नव्हती.

परीक्षकांनी पुढचं डावं दार उघडलं, वाकून गालिचा दाबला आणि आपला ओला तळवा सगळ्यांना दाखवला. मालकांच्या हातातला पाइप तसाच वाहत राहिला. तो बंद करायचं त्यांना सुचलंच नाही.

दोन दारांची ती हिरवी गाडी मालकांच्या जन्माआधीची. गॅरेजमध्ये आली तेव्हा तिच्या तळपत्र्यातून खालची जमीन दिसत होती. आता ती नव्यासारखी होऊन जुन्या गाड्या जमवणाऱ्या दूरच्या एका संग्राहकाकडे जायची होती, आणि त्यानेच पाठवलेले हे परीक्षक तिची पाण्याची परीक्षा घेत होते. वरून धो धो पाणी मारायचं आणि आत थेंब येता कामा नये, इतकी साधी परीक्षा.

"याला फेस येतोय," बोटं चोळत परीक्षक म्हणाले. "साबणाने धुतली होती वाटतं."

"माझ्या नव्या रंगाला मी साबण लावू देईन का?" रंगारी तडकला. "नुसतं पाणी लागलंय तिला, तेही आज पहिल्यांदा."

फेसाकडे कुणी लक्ष दिलं नाही. सगळे कंपाउंडरकडे बघत होते.

या कंपाउंडरने कुणाला कधी औषधाची पुडी दिली नव्हती. जुन्या गाडीची बॉडी म्हणजे पत्र्यावर पत्रा. दोन पत्रे भेटतात तो सांधा, आणि सांध्यातून पाणी शिरलं की गाडी आतून कुजते. म्हणून जुना वाळका मसाला खरवडायचा, प्रायमर मारायचा आणि मग सीलरची राखाडी पेस्ट भरून बोटाने एका दमात ओढून घ्यायची. हे काम करणारा माणूस नळ्या, कापूस आणि हातमोजे घेऊन गाडीभोवती असा काही फिरायचा की त्याला ते नाव पडलं ते पडलंच. काम मात्र असं करायचा की संग्राहकाने सांध्यांचे नुसते फोटो पाहून निरोप धाडला होता, सांधे कोरडे निघाले तर गाडीबरोबर हा माणूसही हवा, जुन्या गाड्या नव्या करायच्या आमच्या कारखान्यात, सांध्यांचा हेडमिस्त्री म्हणून.

कंपाउंडर हा मालकांचा मेहुणा, म्हणजे मालकांच्या बायकोचा, वहिनींचा, पाठचा भाऊ. आईवडिलांमागे वहिनींनी त्याला वाढवला आणि लग्नानंतर या गॅरेजात आणला. निरोप आला त्याच दिवशी वहिनींनी फोन उचलून त्याच्या वतीने होकार कळवून टाकला होता.

"माझीच चूक असेल," कंपाउंडर शांतपणे म्हणाला. "कुठेतरी राहिलं असेल भरायचं."

परीक्षकांनी चष्मा पुसला. "संध्याकाळपर्यंत मी आहे. कारण सापडलं तर सांगा. नाहीतर काम कच्चं म्हणून मला कळवावं लागेल, आणि आमच्या धंद्यात अशी गोष्ट लपत नाही. पुढे कुणी याच्या हातात सांधा देणार नाही."

गॅरेजचा कारभार बघणाऱ्या वहिनी आता पुढे आल्या, आणि ते काही चांगलं लक्षण नव्हतं. वहिनींना संशय येत नसे, तो त्यांच्याकडे कायमचा राहायलाच होता. भिंतीवरचं घड्याळ बरोबर असलं तरी त्या मनगटावरच्या घड्याळाला एकदा विचारून घेत. त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, पदर खोचला आणि इंजिनामागे जिथे उभा पत्रा तळपत्र्याला भेटतो तिथे बोट फिरवलं.

सांधा अखंड होता. कुठे भेग नाही, खाच नाही, राहून गेलेली जागा नाही.

तरी पाणी त्याच्याच मागे साचलं होतं. मग ही चूक नव्हती. हे कुणीतरी केलं होतं.

२

"कापा," वहिनी म्हणाल्या.

"अहो, नव्या रंगावर सुरी?" मालकांचा आवाज चिरकला.

"गळक्या गाडीचा नवा रंग काय चाटायचाय?"

कंपाउंडर पुढे झाला. "ताई, कापू नको. मी तेवढा भाग नवा भरतो. विषय संपवू."

"विषय मी संपवते. तू बाजूला हो."

वहिनींनी आतून, गालिच्याखाली, नळकांड्याने फुंकर मारायला लावली आणि बाहेर सांध्यावर थुंकी लावून बघत बसल्या. एका जागी बुडबुडा फुगला. तिथेच त्यांनी स्वतः सुरी चालवली आणि सीलरचा एक आडवा काप काढला. परीक्षकांनी खिशातून भिंग काढलं, कारण असल्या माणसांच्या खिशात ते असतंच.

कापाच्या बरोबर मधोमध एक छिद्र होतं. टाचणी त्यातून सरळ आरपार जात होती.

"हवेचा बुडबुडा राहिला असेल," मालक म्हणाले.

"बुडबुडा इतका लांब नसतो," परीक्षकांनी मान हलवली. "हा बोगदा आहे. आणि हे बघा, आतल्या भिंतीवर पीळ उठलाय. पिळाची दोरी होती इथे."

वहिनींनी भिंग हिसकावलंच म्हणायचं. पीळ दिसत होता. बाहेरच्या तोंडाशी रंगाची कड बारीक फाटून आत मुडपली होती. रंग लागला तेव्हा दोरी सांध्याच्या पोटात होती. नंतर कुणीतरी गाडीत बसून ती आतून ओढून घेतली होती. बोगद्याखालचा प्रायमर मात्र गुळगुळीत, शाबूत होता. वहिनींनी तेही बघून ठेवलं.

त्यांनी मान वर केली. समोर मालक, रंगारी, सीटा शिवणारा गादीवाला, खुर्चीत बसलेले सासरे आणि भाऊ. सगळी घरचीच माणसं. वहिनींना एकाएकी सगळ्यांचे चेहरे परके वाटले.

"परीक्षकसाहेब, तुम्ही ऑफिसात चहा घ्या," त्या म्हणाल्या. "मला जरा माझ्या माणसांशी बोलायचंय."

३

रंगारी रंगखोलीच्या दारात फडक्याने पिस्तूल पुसत बसला होता. रंगाचं पिस्तूल, पण वहिनींच्या त्या वेळच्या मनःस्थितीत तेही बरं दिसेना.

"तुमचं आणि माझ्या भावाचं जमत नाही," त्यांनी सरळ सुरुवात केली.

"कसं जमेल? याचा सीलर सुकेपर्यंत मी हात बांधून बसायचं. वर म्हणणार, अजून हात लावू नका. जसं काही लेकरू झोपलंय."

"म्हणून दोरी घातली का?"

रंगाऱ्याने पिस्तूल खाली ठेवलं. "वहिनी, बोलून घ्या. तुमचा दिवस आहे. पण एक ऐका. रंग मारायच्या आधी मी प्रत्येक सांध्यावर दिवा धरून बोट फिरवतो. माझ्या रंगाखाली कुणाची घाण नको म्हणून. तो सांधा मला चांगला आठवतोय. पहिल्यापासून शेवटपर्यंत बोटाची एकच ओढ. मध्ये टेकलेलं नाही, डागडुजी नाही. मला तो माणूस आवडत नाही, पण असा सांधा मी दुसऱ्या कुणाच्या हातचा पाहिला नाही."

वहिनींना भावाचं कौतुक ऐकून आत कुठेतरी गार वाटलं, आणि लगेच स्वतःचा राग आला, कारण कौतुक करणारा माणूस काहीतरी लपवतोय असंच त्यांना नेहमी वाटे.

"रंगानंतर गाडीत कोण कोण शिरलं?"

"मी नाही. ओल्या रंगाचे कपडे घालून आत कोण जाईल? मालकसुद्धा बाहेरूनच बघून गेले." त्याने आवाज खाली आणला. "दोरा घेऊन दिवसभर त्या गाडीत कोण बसलं होतं, ते बघा की. तुमच्या मागेच उभा आहे."

वहिनी वळल्या. गादीवाला खरंच दारात उभा होता.

४

"मी ऐकलंय," गादीवाला म्हणाला. "आणि मला आधीच ठाऊक होतं, की दोरा म्हटलं की माझ्याकडे येणार."

"सीटा बसवल्या तुम्ही. गालिचा अंथरला तुम्ही. त्याच्याखाली दोरीचं टोक होतं, ते दिसलं नाही तुम्हाला?"

"दिसलं असतं तर शिवूनच टाकलं असतं. आमचा हात गप्प बसत नाही." त्याने खिशातून रीळ काढून वहिनींच्या हातात ठेवलं. "हा माझा दोरा. नायलॉन. वर मेण. पीळ बघा याचा."

वहिनींनी दोरा उजेडात धरला. पीळ नव्हताच. एकच गुळगुळीत तंतू.

"आणि मेण लावलेला दोरा सांध्यात ठेवला असता तर वरचा रंग तिथे धरलाच नसता," गादीवाला पुढे म्हणाला. "रंगाऱ्याने आकाशपाताळ एक केलं असतं. नाही का रे?"

"केलं असतं," आतून रंगारी गुरगुरला.

वहिनी खाली बसल्या. दोरी सीलरला चिकटून बसली नाही, सुटून आली, म्हणजे तिला काहीतरी लावलेलं असणार. मेण नाही, ग्रीस नाही, तेल नाही, कारण त्यावर रंग उमटत नाही. मग असं काय, जे निसरडं आहे, रंगाला बिघडवत नाही आणि पाण्याबरोबर विरघळतं?

परीक्षकांची फेसाळ बोटं त्यांना आठवली.

"गालिचा अंथरायच्या आधी," त्यांनी हळूच विचारलं, "गाडीत कोण होतं?"

गादीवाल्याने आपलं रीळ परत घेतलं. "पुढची काच बसत होती. मी गॅरेजबाहेर थांबलो होतो."

पुढची काच कशी बसवतात हे गॅरेजात सगळ्यांना माहीत होतं. काचेच्या रबराच्या खाचेत पिळाची दोरी घालायची, तिला साबणाचं पाणी लावायचं, काच बाहेरून दाबून धरायची आणि आत बसून ती दोरी ओढत जायची, की रबराची कड आपोआप पत्र्यावर चढत येते. पिळाची दोरी, साबण, आणि आतून ओढणारा माणूस.

या गॅरेजात काच फक्त एकच माणूस बसवत असे. ते वहिनींचे सासरे होते.

५

सासरे खुर्ची उन्हात सरकवून बसले होते. वहिनी समोर उभ्या राहिल्या, आणि तोंड उघडायच्या आत म्हातारा बोलला.

"मीच केलं."

"काय केलंत, बाबा?"

"दोरी ठेवली. मग ओढली. गाडी जाऊ नये असं वाटलं. म्हाताऱ्या माणसाला वाटतं काहीबाही. जा, सांग त्या चष्मेवाल्याला. पोराचं नाव नको घेऊस."

सगळं जुळत होतं. दुसरं कुणी असतं तर तिथेच थांबलं असतं. पण वहिनींना कुणी आपण होऊन काही दिलं की त्या आधी ते उलटंपालटं करून बघत.

"पाणी आणू का तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

त्यांनी पेला आणून हातात दिला. सासऱ्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, तरी अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं.

"बाबा, हे कधीपासून?"

"थंडी आहे जरा."

"उन्हात बसलाय तुम्ही."

सासऱ्यांनी पेला खाली ठेवला. "बरेच दिवस झाले. तुझ्या नवऱ्याला सांगू नकोस. काच बसवताना मी कुणाला जवळ येऊ देत नाही, बाहेर काच धरून उभा राहतो, बडबड करतो, लोकांना वाटतं मीच बसवली. आत बसून दोरी..." ते थांबले. जास्त बोलून गेलो हे त्यांच्या लक्षात आलं.

"आत बसून दोरी कोण ओढतं, बाबा?"

थरथरत्या हाताने रेघेसारखा सरळ बोगदा होत नाही.

दिवसभर ज्या माणसासाठी वहिनी सगळ्या जगावर संशय घेत फिरल्या, त्याच्यावर तेवढा घ्यायचा राहिला होता.

६

कंपाउंडर गॅरेजच्या मागच्या बाजूला पाट्यावर पेस्ट घोटत होता. वहिनी उपड्या डब्यावर बसल्या.

"हलगर्जी माणसाने काय केलं असतं?" त्या म्हणाल्या. "जागा सोडली असती. हेवा वाटणाऱ्याने खिळा मारला असता. इथे सांधा असा भरलाय की रंगाऱ्याने तोंड भरून वाखाणला. बोटाची एकच ओढ. दोरी नंतर खुपसली असती तर ती ओढ तुटली असती. म्हणजे आधी दोरी ठेवली आणि त्याच हाताने वरून सीलर ओढला. खाली प्रायमर शाबूत, कुठे गंज धरू नये म्हणून. गाडी गळावी पण कुजू नये, अशी काळजी घेणारा शत्रू मला तरी माहीत नाही."

पाट्यावरचा हात थांबला.

"आणि सकाळी तू म्हणालास, माझीच चूक असेल. केसाएवढ्या रेघेवरून रंगाऱ्याशी महिनाभर न बोलणारा तू. मला वाटलं किती मोठ्या मनाचा आहे माझा भाऊ."

"ताई, मी भरून देतो म्हणालो होतो."

"बाबांनी सगळं स्वतःवर घेतलंय."

तो झटकन उठला. "त्यांचा काही संबंध नाही. त्यांना कुणी काही बोललं का?"

"कुणी नाही बोललं. बस. आणि सांग मला, का केलंस?"

"मला जायचं नाही."

"मग तसं सांगायचं."

"सांगितलं होतं." तो खाली बघून बोलत होता. "पहिल्यांदा तू म्हणालीस, भित्रा आहेस. दुसऱ्यांदा तू रडलीस. तिसऱ्यांदा सांगायला आलो तर तू फोनवर त्यांना होकार देत होतीस. मी दारातून परत गेलो."

वहिनींना तो फोन लख्ख आठवला. दारात कुणी आलं होतं हे मात्र आठवेना.

"मी चौकशी केली होती तिथली," तो म्हणाला. "मोठं काम आहे. दारंवाला दारं करतो, काचवाला काचा. मी फक्त सांधे भरायचे. एक गाडी गेली की दुसरी. इथे ती हिरवी पहिल्यांदा चालू झाली तेव्हा बाबांनी मला शेजारी बसवून फाटकापर्यंत नेली. तिथे मला गाडी पुरी झालेली बघायलाही मिळणार नाही. मला वाटलं, मी नापास झालो की तेच नको म्हणतील. तुझं मन मोडायला नको आणि मलाही बोलायला नको."

"आणि तुझं नाव? उद्या कुणी तुझ्या हातात सांधा दिला नसता."

"दाजींनी दिला असता." मग तो म्हणाला, "मला वाटलं, तुला माझी अडचण होतेय. म्हणून पाठवतेस."

वहिनींना आधी संताप आला. अडचण. ज्याच्या शाळेच्या चड्ड्या त्यांनी हाताने शिवल्या, त्याच्या तोंडचा हा शब्द. मग संताप ओसरला आणि नुसती लाज उरली. प्रत्येकाच्या मनात काय असेल याचा रात्रंदिवस शोध घेणाऱ्या बाईने या एका माणसाच्या मनात कधी डोकावूनच पाहिलं नव्हतं.

"अरे, लोक तुला मालकाचा मेहुणा म्हणतात," त्यांचा आवाज फुटला. "जन्मभर तेवढंच म्हणतील. मला नाही सहन होत ते."

"म्हणू दे की. मी आहेच मेहुणा."

वहिनींना हसू आलं आणि त्याच वेळी रडूही, आणि दोन्हींना एकदम जागा मिळेना म्हणून त्यांनी पदराने नाक पुसलं.

"चल," त्या उठल्या. "चष्मेवाले वाट बघतायत."

परीक्षक गाडीपाशी परतले होते. सासरे लगबगीने पुढे आले. "साहेब, ती दोरी माझ्या हातून..."

"बाबा, राहू द्या," कंपाउंडर म्हणाला. "साहेब, दोरी मी ठेवली होती. मुद्दाम. मला तुमच्याकडे यायचं नाही, आणि तसं तोंडाने सांगायची हिंमत झाली नाही."

मालकांनी आ वासला. रंगाऱ्याने गादीवाल्याकडे बघितलं. परीक्षक मात्र सांध्यावर वाकले आणि तो कापलेला भाग पुन्हा एकदा निरखून बघत राहिले.

"गळती पाडायला इतकं सुबक काम करणारा माणूस मी प्रथमच बघतोय," ते अखेर म्हणाले. "पण जे झालं ते मला कळवावं लागेल."

"कळवा. सांधा मी आत्ता भरून देतो. तो सुकेपर्यंत मुक्काम करा आणि स्वतः पाणी मारून बघा."

"गाडीचं समजलं. पण तुमच्या येण्याबद्दल..." परीक्षक सवयीने वहिनींकडे वळले. "बाई, होकार तर तुम्हीच दिला होता. आता काय कळवू मी?"

वहिनींच्या जिभेवर उत्तर तयार होतं. भावाच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्यांच्या जिभेवर तो लहान असल्यापासून तयारच असे. त्यांनी ते गिळलं, आणि गिळताना त्यांचे डोळे भरून आले.

"मला काय विचारता?" त्या म्हणाल्या. "त्याला विचारा."

परीक्षकांनी त्याच्याकडे पाहिलं.

"नाही म्हणून कळवा," भाऊ म्हणाला, आणि हातमोजे घालायला आत गेला.